ओटीपी ताईच्या फोनवर

४ फेब्रुवारी

आणि वर ताई मलाच म्हणते, "तुझ्या नंबरचा भरवसा काय? वर्षात तीन सिमकार्डं बदलतोस." बदलतो. बदलीन. नोकरी बदलली की नंबर बदलतो, त्यात कुणाचं काय गेलं? पण म्हणून माझ्या मोबाईलवरच्या कॉलेजच्या फॉर्मवर तिने स्वतःचा नंबर टाकायचा? शिकायचं मी, फोटो माझा, सही माझी, आणि ओटीपी येणार ताईच्या फोनवर. आता धडा उघडायचा म्हणजे आधी घरी फोन. "ताई, सांग." मग ती शिलाईमशीन थांबवणार, चष्मा शोधणार आणि एकेक आकडा असा सांगणार की जसा काही मी पहिलीत बसलोय. "चार... लिहिलास चार? मग शून्य..." तोवर ओटीपीची मुदत संपते. की पुन्हा पहिल्यापासून.

चोवीस वर्षांचा घोडा आहे मी. कमावतो, घरी पाठवतो. आणि कॉलेजात शिरायला बहिणीकडे आकडे मागतो.

आज तिला म्हटलं, नंबर बदलून घे. तर म्हणे, "एक वर्ष पुरं कर, मग बदलू. आणि नीट ऐक, या वेळी अर्ध्यात सोडलंस तर मी तुझ्यासाठी पुन्हा कुठला फॉर्म भरणार नाही. शेवटचा फॉर्म आहे हा." फोन ठेवला. माझं ऐकून तरी घ्यायचं.

ही वही सरांमुळे. सर म्हणजे मोबाईलमधले, दर दोन वाक्यांनी खोकणारे. पहिल्याच व्हिडिओत म्हणाले, ज्यांची लिहायची सवय मोडली असेल त्यांनी रोज अर्धं पान काहीही लिहा. माझी मोडायला होती कुठे? नववीत नापास झालो त्या दिवशी दप्तर टाकलं. त्यानंतर लिहिली ती फक्त हजेरीवरची सही. न शिकलेल्यांसाठी कॉलेजची पूर्वपरीक्षा असते, ती पास झालो कारण त्यात नुसत्या खुणा करायच्या होत्या.

अर्धं पान कधीच झालं. रागात बरं लिहिता येतं.

६ फेब्रुवारी

कामाचं लिहितो. मोठी लाँड्री आहे. चार हॉस्पिटलं आणि पाच-सहा हॉटेलांच्या चादरी येतात. सकाळी सात ते दुपारी तीन. मी आणि काका चादरी घडी करण्यावर. काका माझे कुणी लागत नाहीत. साठीला आलेत, आम्ही एका खोलीत राहतो, आणि इथे सगळेच त्यांना काका म्हणतात, त्यांच्याहून मोठा वॉचमनसुद्धा.

चादर दोघांनीच घडी होते. दोन टोकं त्यांच्याकडे, दोन माझ्याकडे. ताणायची, झटकायची, मग चालत एकमेकांकडे जायचं, कोपरे त्यांच्या हातात द्यायचे, खाली वाकून पुन्हा पकडायचं. दिवसाला पाचशे वेळा. काका म्हणतात, "लग्नात नाही चाललो एवढी पावलं तुझ्याबरोबर चाललो रे."

लहानपणी घरी ताई आणि मी असंच करायचो. ती मुद्दाम जोरात ओढायची, मी तोंडावर.

१३ फेब्रुवारी

कॉलेजच्या अ‍ॅपमध्ये काहीतरी गडबड आहे. मी व्हिडिओ दुप्पट वेगाने लावतो. सर भराभर बोलतात, खोकतातसुद्धा भराभर, आणि चाळीस मिनिटांचं काम वीस मिनिटांत उरकतं. पण दुसऱ्या दिवशी उघडावं तर वेग पुन्हा साधा. रोज दुप्पट करायचा, रोज ते आपोआप उतरतं. आज तर न बघितलेल्या धड्यावर हिरवी टिक होती, म्हणजे "पाहिला". मी म्हटलं चला, फुकटचं पुण्य.

ताईला सांगितलं. ती म्हणाली, "असतं रे तसं मशीनचं." मग म्हणाली, "आठवड्याची टेस्ट दिलीस का?"

"देईन रविवारी."

"रविवारी कशाला? आज दे. टेस्ट दिल्याशिवाय पुढचं उघडत नाही."

माझ्या अभ्यासाची केवढी ती काळजी. नियमही पाठ करून बसली आहे.

१६ फेब्रुवारी

टेस्ट दिली. दहापैकी चार. पुढचं उघडलं. ताई खूश. चारवर खूश होणारी माणसं जगात कमी असतात.

२ मार्च

आजचा धडा अर्थशास्त्राचा, नाव "संधी-खर्च". मला संधी माहीत ती शाळेतली. व्याकरणाची. दोन अक्षरं शेजारी आली की त्यांचं एक होतं, आणि ते कसं होतं ते न सांगता आल्यामुळे मी बाकावर उभा राहायचो. मला वाटलं इथेही तेच. अर्धा व्हिडिओ मी अक्षरं एकत्र यायची वाट बघत होतो.

नंतर काका आमच्या दुमजली पलंगाच्या वरच्या बर्थवरून म्हणाले, "अरे, तो मास्तर चान्सबद्दल बोलतोय. चान्स." काका शाळेत गेलेले नाहीत, पण माझे सगळे धडे ऐकतात. म्हणजे असं, की आपल्याकडे एक दुपार आहे. त्यात कामावर जावं किंवा झोपावं. झोपलो तर त्या दिवसाची मजुरी गेली, म्हणजे झोप तेवढ्याला पडली. एक गोष्ट घेताना जी सोडली ती तिची खरी किंमत. सर शेवटी म्हणाले, "समजलं ना? नसेल समजलं तर लाजू नका, मागे जा." हे ते प्रत्येक धड्यात म्हणतात. मी कधी मागे जात नाही. मागे जायला वेळ कुणाला आहे?

८ मार्च

आज भलतंच झालं. रविवारी सर थेट बोलतात, प्रश्नांना उत्तरं देतात. आज खोकून झाल्यावर म्हणाले, "एका विद्यार्थ्याने फार चांगला प्रश्न पाठवला आहे." आणि माझं नाव घेतलं! नाव, नोंदणी क्रमांक, सगळं. प्रश्न असा: "एकाने दुसऱ्यासाठी स्वतःची संधी सोडली, तर तिचा खर्च कुणाच्या नावावर मांडायचा?"

सर पुन्हा खोकले. म्हणाले, "पुस्तकात याचं उत्तर नाही. पण ज्याला हा प्रश्न पडला त्याला विषय समजला."

मी हा प्रश्न कधी पाठवला? आठवत नाही. तो धडा बघितला त्या दिवशी कामावरून येऊन फोन हातात घेऊनच पडलो होतो. झोपेत पाठवला असेन. काका म्हणाले, "झोपेत हुशार आहेस की. कामावर पण झोपूनच येत जा."

ताईला फोन केला. "ताई, सरांनी माझं नाव घेतलं!" तिने काही विचारायच्या आतच मी सगळं सांगितलं. तिने पलीकडे मशीन थांबवलं.

"चांगला प्रश्न आहे म्हणाले?"

"फार चांगला."

"फार चांगला म्हणाले," ती बाबांना सांगत होती.

मग काका वरून म्हणाले, "तुझी बहीण कितवी शिकलीय रे?" मी म्हटलं, बारावी. पुढे शिकणार होती, पण त्याच वर्षी आई गेली आणि मी चौथीत होतो. मला शाळेत सोडायला, आणायला, डबा द्यायला कुणीतरी हवं होतं. काका "हं" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. म्हातारी माणसं काहीही विचारतात.

१९ मार्च

कंटाळा आला. खरं तेच लिहितो. हात चादरींच्या वाफेने सोलले आहेत, बाई (म्हणजे आमची सुपरवायझर) घडीचा एक कोपरा बाहेर आला तरी अख्खा ढीग पाडते. खोलीवर येऊन पुन्हा मागणी-पुरवठा. एका एजंटची ओळख झाली आहे. बंदरावर गोदामात काम आहे, पगार सवाई, पण आणखी लांब. बारा-बारा तास, म्हणजे अभ्यास बंद. एजंटला आधी पैसे द्यावे लागतील, ते बाजूला टाकतो आहे.

ताईला म्हटलं, जमत नाही गं. वाटलं आता फटाके फुटणार. पण ती मऊ आवाजात म्हणाली, "बरं, व्हिडिओ नको बघूस. फक्त दर आठवड्याला टेस्ट देत जा. नापास झालास तरी चालेल. तेवढं कर."

"व्हिडिओ न बघता टेस्ट कशाला?"

"पुढचं उघडायला."

"उघडून काय करायचं?"

"उघडं राहू दे रे. काय जातंय तुझं."

ताईचं वय झालं बहुतेक. तेहतीस म्हणजे काही कमी नाही.

८ एप्रिल

कुणीतरी माझं खातं फोडलं आहे!

आज बॉयलर बंद पडला. बाईने दीड वाजता घरी पाठवलं. मी खोलीवर आलो, म्हटलं एवढा वेळ आहे तर परीक्षेचं वेळापत्रक तरी बघू. ताईला फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा उचलला तर धापा टाकत होती. ओटीपी घेतला, टाकला. तर समोर लाल अक्षरांत: "हे खाते सध्या दुसऱ्या फोनवर उघडे आहे. तिथे बंद करून इथे उघडायचे का?"

म्हणजे आत्ता, या घटकेला, कुणीतरी माझ्या कॉलेजात बसलं होतं! मी "हो" दाबलं. हाकललं त्याला. मग बघतो तर सातवा धडा मधेच थांबलेला. बावीस मिनिटं, चौदा सेकंद. मी अजून पाचवाही पुरा केलेला नाही.

ताईला लगेच सांगितलं. ती नुसती "कोण? कुठे?" करत राहिली. घाबरली असेल बिचारी. मी म्हटलं, काळजी करू नकोस, त्याला सोडत नाही. "तू काही करू नकोस," ती म्हणाली, "आपोआप थांबेल." असं कधी चोर आपोआप थांबतो का?

काका ऐकत होते. म्हणाले, "काय चोरलं त्याने?"

"धडे."

"धडे? आणि ठेवले परत जागेवर?"

"काका, चेष्टा नको. ओटीपीशिवाय आत शिरलाय, म्हणजे केवढा कलाकार असेल."

"ओटीपीशिवाय? का ओटीपीसकट?" म्हणाले आणि आंघोळीला गेले.

९ एप्रिल

तक्रार केली. ताईला सांगितलं नाही, उगीच जीव टांगणीला लागेल तिचा. अ‍ॅपवर मदतकक्ष आहे, तिथे लिहिलं. पाच ओळी लिहायला पाऊण तास लागला, पण जोरदार लिहिलं. "सदर इसमास शोधून कडक कारवाई करावी." हे "सदर इसम" मी आमच्या लाँड्रीच्या नोटीसबोर्डावरून उचललं. परीक्षा २३ मेला आहे.

१७ एप्रिल

उत्तर आलं. पूर्ण वाचलं, मग खाली बसून पुन्हा वाचलं.

लिहिलंय, तुमच्या खात्यात फेब्रुवारीपासून दोन फोनवरून प्रवेश होतो. एक फोन तुमच्या कामाच्या शहरातला. दुसरा तुमच्या अर्जावरच्या घरच्या पत्त्याच्या गावातला. खाली वेळांची यादी. दुपारी दोन ते चार. दुपारी दोन ते चार. रविवार सोडून रोज. दोन ते चार.

दोन वाजता बाबा झोपतात. दोन वाजता ताई मशीन बंद करते, गणवेशांचे ढीग बाजूला सारते, कारण मशीनच्या आवाजाने बाबा उठतात. चारला चहा. आई गेल्यापासून हेच वेळापत्रक आहे.

शेवटी लिहिलंय: खाते दुसऱ्याच्या वापरात असल्यास नोंदणी रद्द होऊ शकते. खुलासा येईपर्यंत परीक्षेचा प्रवेश थांबवला आहे.

माझ्याच हाताने. "सदर इसमास."

काकांना दाखवलं, वाचून. ते म्हणाले, "मला मार्चपासून माहीत आहे."

"मग बोलला का नाही?"

"तुमच्या घरातली गोष्ट. मी कोण?"

१८ एप्रिल

आज तिच्याशी बोललो. जेवढं आठवतं तेवढं सगळं लिहून ठेवतो, कारण असं आम्ही कधी बोललो नव्हतो.

मी आधी चिडलोच. म्हटलं, "मला मूर्ख बनवलंस. टेस्ट दे, टेस्ट दे. माझ्यासाठी नव्हतंच ते."

"तुझ्यासाठीच होतं. माझ्यासाठी पण होतं."

"माझ्या नावाने प्रश्न विचारलास?"

"एकच. राहवलं नाही. पण टेस्टला हात लावला नाही रे, आईची शपथ. ती तुझी. मला सगळी उत्तरं येत होती आणि तू दहात चार आणत होतास, तरी मी हाताची घडी घालून बसले."

"सांगितलं असतंस तर?"

"काय सांगू? या वयात मला शाळा शाळा खेळायचंय? बाबा म्हणणार, गणवेश कोण शिवणार. तू म्हणणार, ताईचं वय झालं."

हे वाक्य मी वहीतच लिहिलं होतं. वही इथे, ती तिथे. तरी.

मग तीच उसळली. "आणि तुझ्यामुळे माझे किती हाल झाले माहीत आहे? रोज ते सर ट्रेन सुटल्यासारखे बोलायला लागायचे. वेग कमी कसा करायचा ते शोधायला मला तीन दिवस लागले. मी म्हटलं, या माणसाला झटकेबिटके येतात की काय!"

मला हसू फुटलं. तिलाही. बराच वेळ दोघंही हसत होतो, आणि माझ्या लक्षात आलं की तिचं हसणं मधेच कधीतरी थांबलंय.

"आता तुझी परीक्षा गेली ना माझ्यामुळे," ती म्हणाली. "मी परत तेच केलं. तुला शाळेत नेऊन सोडलं आणि तू नापास झालास."

मी म्हटलं, नववीत मी नापास झालो कारण मी तळ्यावर पोहायला जायचो. तुझा काय संबंध? ती म्हणाली, "तळ्यावर?" नऊ-दहा वर्षांनी तिला आज कळलं. आता त्याबद्दल वेगळा फोन येणार.

२० एप्रिल

खुलासा लिहिला. ताईची मदत घ्यायची नाही असं ठरवलं होतं, कारण आरोपी तीच. काकांनी सुचवलं, लिही की फोन हरवला होता. मी तसंच लिहायला घेतलं आणि खोडलं. खोटं लिहायचं तर "सदर इसम" वगैरे शब्द लागतात, आणि मला तो एकच येतो. शेवटी हे पाठवलं:

"दुसरा फोन माझ्या मोठ्या बहिणीचा आहे. अर्जावर नंबर तिचा, कारण मी नंबर बदलत राहतो. ती दुपारी धडे बघत होती. मला माहीत नव्हतं. टेस्ट तिने दिलेल्या नाहीत, माझे मार्क बघितले तर तुमची खात्री पटेल. संधी-खर्चाचा प्रश्न तिचा होता, तेवढा माझ्या नावावरून काढून टाकावा. परीक्षा मी स्वतः देईन. तिच्यावर कारवाई करू नये, ती चोर नाही. माझी तक्रार मागे घेतो."

एजंटचा फोन आला होता, उचलला नाही.

२७ एप्रिल

कॉलेजच्या मदतकक्षातून एका बाईंचा फोन. साध्या होत्या बोलायला. परीक्षा मिळाली! अट अशी की सात दिवसांत नंबर बदलून माझा टाकायचा आणि यापुढे खातं फक्त मी वापरायचं. मी विचारलं, "मार्क बघितले का माझे?" त्या म्हणाल्या, "बघितले. त्यावरूनच विश्वास बसला."

ठेवता ठेवता म्हणाल्या, "तुमच्या बहिणीने बारावी केली असेल तर तिला थेट प्रवेश मिळतो. तुमच्यासारखी पूर्वपरीक्षासुद्धा नको."

३० एप्रिल

ओटीपी माझ्या फोनवर आला. टिंग. सहा आकडे. टाकले, उघडलं. अर्धं मिनिट लागलं.

हेच तर हवं होतं मला.

वेग साधाच होता, तिने ठेवलेला. मी बदलला नाही.

३ मे

ताईचे शेवटचे चार धडे राहिले. आठवा तर तिने अर्धाच बघितलाय. ती बोलत नाही, पण आज म्हणाली, "आठव्यात पुढे काय होतं रे?" अशा आवाजात, जसं कुणी मालिकेचा भाग चुकल्यावर विचारतं.

मी सांगायला गेलो आणि दोन वाक्यांत अडकलो. ती म्हणाली, "असं कसं? मक्तेदारी असली तर किंमत कोण ठरवतं?" मला कुठे माहीत! म्हटलं, थांब, उद्या सांगतो. मग व्हिडिओ पुन्हा लावला. "नसेल समजलं तर मागे जा." गेलो मागे. तीनदा गेलो. काकाही खाली येऊन बसले.

१० मे

रोज सहा वाजता फोन. मी धडा बघतो आणि तिला सांगतो. ती प्रश्न विचारते, मी मागे जातो, पुन्हा सांगतो. बाबा मागून म्हणतात, "हा कधीपासून शिकवायला लागला?" आज एका मुद्द्यावर मी बरोबर होतो आणि ताई चूक. पुन्हा सांगतो: ताई चूक. तारीख लक्षात ठेवणार.

टेस्टमध्ये दहापैकी आठ.

२३ मे

परीक्षा झाली. बाईकडे सुट्टी मागितली तर म्हणाली, "कसली परीक्षा? तुझी?" मी म्हटलं, हो. ती वरपासून खालपर्यंत बघत राहिली, मग म्हणाली, "घडीवर दुसरा माणूस देते. पास हो, नाहीतर सुट्टी कापीन."

खोलीतच, मोबाईलचा कॅमेरा चालू ठेवून लिहायची. खोलीत दुसरं कुणी चालत नाही, म्हणून काका कामावरून येऊन जिन्यातच बसले. सुरुवात केली तर लाल पट्टी: "खोलीत दुसरी व्यक्ती दिसत आहे." माझं धाबं दणाणलं. मागे बघतो तर खिळ्याला काकांचा कोट, वर त्यांची टोपी. उठून कोट काढला, पलंगाखाली टाकला. तीन तास लिहिलं. संधी-खर्चावर सात मार्कांचा प्रश्न होता. उदाहरण द्या, असं होतं. मी उदाहरण दिलं. एक मुलगी, बारावी झालेली, आणि तिचा चौथीतला भाऊ. नावं दिली नाहीत.

बाहेर आलो तर काका अजून पायरीवर. "सुटलो का?" मी म्हटलं, तुमचा कोट पकडला गेला होता. ते म्हणाले, "त्याला काही येत नव्हतं, त्याच्या जिवावर राहू नकोस."

२९ जून

पास. सहाच्या सहा विषय. अर्थशास्त्रात ५८, बाकीचे चाळिशीत लोंबकळत, पण पास. ताईला सांगितलं तर ती रडली नाही, ओरडली. इतकी की बाबा घाबरून उठले. दुपारी तीन वाजता! चहाच्या आधी उठवलं तिने त्यांना.

काकांनी लाँड्रीभर सांगितलं. बाई म्हणाली, "अठ्ठावन्न? मला वाटलं नव्हतं." मग घडीचा ढीग बघितला आणि पाडला नाही.

१ जुलै

ताईला म्हटलं, तुझा फॉर्म भरतो. "वेड लागलं का?" म्हणाली. तेहतीस, गणवेश, बाबा, सगळं क्रमाने म्हणून झालं. मी म्हटलं, दोन ते चार तू तशीही बसतच होतीस, आता स्वतःच्या नावाने बस. बाबांना फोन दे. बाबांना विचारलं. ते म्हणाले, "मी दोन ते चार झोपलेलो असतो. मला काय कळणार ती काय करते." मग हळूच म्हणाले, "मला माहीत होतं रे. ते सर फार खोकतात."

म्हटलं, ताई, बारावीची गुणपत्रिका लागेल. शोध कुठे असेल तर, घाई नाही.

दोन मिनिटांत फोटो आला. पंधरा वर्षांपूर्वीचा कागद, दोन मिनिटांत. प्लॅस्टिकचं आवरण घातलेला, एक घडी नाही. अर्थशास्त्रात ८१.

२ जुलै

एजंटला नाही म्हणून सांगितलं. त्याला द्यायला बाजूला टाकलेले पैसे होते, त्यात या पगारातले थोडे घातले. तो म्हणाला, असा चान्स परत येत नाही. मी म्हटलं, तेच ना.

फॉर्म भरून झाला. नाव तिचं, फोटो तिचा. मोबाईल नंबरच्या चौकटीत माझा टाकला. आता ती रोज दोन वाजता फोन करणार आणि मी लाँड्रीच्या दाराशी उभा राहून सांगणार: चार... लिहिलास चार? मग शून्य. बाईला विचारून ठेवलंय, दोनला पाच मिनिटं मिळतील, तेवढ्यापुरती चादरीची टोकं वॉचमन धरेल. नंबर मात्र आता तीन वर्षं बदलता येणार नाही. ताईला अजून सांगितलेलं नाही. ओरडेल.

पहिल्या वर्षाची फी, पुस्तकांसकट, उद्या सकाळी घरी पाठवतो: चार हजार आठशे पन्नास.